परत आलेला चष्मा

छोटीनं परत आलेलं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि ते पाहून ती इतकी गडबडली की "या" म्हणायच्या ऐवजी "का?" म्हणाली.

तिला छोटी म्हणायचं कारण एवढंच, की घरात तिच्याहून मोठी एक ताई होती. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी छोटी ती छोटीच. तिचं काम चष्मे बनवायचं. डोळे तपासणाऱ्या एका फिरत्या गाडीवर तिनं नऊ वर्षं काढली होती. गाडी सकाळी एखाद्या गावात उभी राहायची. पुढच्या भागात डॉक्टर डोळे तपासून चिठ्ठी लिहायचे, मागच्या भागात छोटी भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि संध्याकाळी ज्याचा चष्मा त्याच्या नाकावर चढवून गाडी पुढच्या गावाला निघायची. माणसं हातातला छापील तक्ता वाचून दाखवायची, "अगं बाई, दिसतंय की!" म्हणायची, एखादी डोळे पुसायची. छोटी खिडकीतून हात हलवायची. त्या माणसांचं पुढे काय झालं हे बघायला ती कधी मागे गेली नाही. गाडीच गेली नाही, तर ती कुठून जाणार!

मग गाडी थकली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेनं नवी घ्यायच्या ऐवजी कामच गुंडाळलं. ताईनं फोनवर फर्मान काढलं, "पुरे झाली भटकंती. इकडे ये. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर खोली बघितलीय आणि चष्म्याच्या दुकानात शब्द टाकलाय."

शहर वाईट नव्हतं, पण छोटीच्या ते हाती लागेना. गाडीत ती कायम मागे बसलेली, रस्ता हा ड्रायव्हरमामांचा प्रांत. डावं की उजवं, हे ठरवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. चार गल्ल्या म्हणजे मोजून चार, पण त्या रोज सकाळी कुणीतरी फिरवून ठेवल्यासारख्या वाटायच्या. ताईकडे जेवायला निघाली की ती औषधाच्या दुकानासमोर तीनदा यायची, आणि तिसऱ्या वेळी औषधवाला मान वर न करताच बोट दाखवायचा.

खोलीतही तीच तऱ्हा. पलंग खिडकीखाली लावला तर दार पाठीशी यायचं, दारासमोर लावला तर कपाट उघडायचं नाही. आठवड्यात तीनदा पलंग हलला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "तुमच्याकडे रोज नवे भाडेकरू येतात का हो?" सकाळी जाग आली की पहिला प्रश्न, आज कुठलं गाव? मग हळूहळू ध्यानात यायचं की आजचं गाव कालचंच आहे. उद्याचंही हेच. त्यानं बरं वाटायचं की छातीत धस्स व्हायचं, हे तिचं तिलाच उमगायचं नाही.

"छोटीच्या पलंगाला चाकं लावून द्या," भाऊजी जेवताना म्हणाले, "आणि आपण पाळीपाळीनं ढकलू. त्याशिवाय तिला झोप यायची नाही."

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली. "होईल सवय. लागतात दोन-चार महिने."

छोटी हसली खरी, पण कशाची सवय व्हायची आहे, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

अशात तो चष्मा परत आला.

चष्मा शिंपीकाकांचा होता. सत्तरीचे, वाळक्या अंगाचे, गळ्यात मोजायची टेप अडकवलेली. ती काढायची राहून जाते की मुद्दाम ठेवतात कोण जाणे. त्यांनी चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हा बरोबर नाही."

"का?" छोटीच्या तोंडून निसटलं ते तेव्हाच.

"का ते मला कसं कळणार? मी शिंपी आहे."

छोटीनं भिंगं यंत्राखाली धरली. चिठ्ठीवर नंबर अधिक अडीच, भिंगावरही अधिक अडीच. तिनं हातात छापील तक्ता दिला. काकांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"मग बरोबर आहे की, काका."

"वाचायला बरोबर आहे," काका पुटपुटले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण मागे गिऱ्हाइकं उभी होती. ते चष्मा घेऊन गेले. छोटीला वाटलं, झालं, मिटलं.

चार दिवसांनी काका पुन्हा हजर. छोटीनं फ्रेमच्या काड्या वाकवून सारख्या केल्या, नाकावरच्या गाद्या बदलल्या. काका तेवढ्यापुरते "हं" म्हणाले. पुढच्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले. चष्मा काउंटरवर ठेवला, एका हातानं मान चोळली आणि निघून गेले.

"सोडा हो," दुकानाचे मालक म्हणाले. "नंबर बरोबर आहे ना? मग आपलं काम झालं. काही माणसांना चष्म्याशी भांडायची सवयच असते."

पण छोटीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नंबर बरोबर, भिंग बरोबर, माणूस खोटं बोलणारा नाही, आणि तरी चष्मा चुकीचा! हे असं होऊ शकतं? आणि होत असेल तर नऊ वर्षांत कितीदा झालं असेल? तिथे सांगायला कोण येणार होतं? ते "अगं बाई, दिसतंय की" खरं होतं, का गाडी निघायच्या घाईत असलेल्या बाईला वाईट वाटू नये म्हणून माणसं तसं म्हणत होती? हात हलवताना तिला केवढं समाधान वाटायचं. त्या समाधानाचं आता काय करायचं, हेच तिला समजेना. त्या दिवशी तिनं एका फ्रेममध्ये डावं भिंग उजवीकडे बसवलं आणि मालकांनी दाखवेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती काकांचा चष्मा पिशवीत टाकून निघाली. पावतीवर पत्ता होता: घड्याळाच्या दुकानामागे, दुसरी गल्ली, तळघर. दुकानातला सगळ्यात जुना माणूस म्हणाला, "सोपं आहे, सरळ जा." छोटी सरळ गेली, आणि सरळच जात राहिली, कारण घड्याळाचं दुकान काही येईना. एकाला विचारलं, त्यानं मागे पाठवलं. दुसरीला विचारलं, तिनं बाजूला पाठवलं. शेवटी एका तळघराच्या पायऱ्या दिसल्या, आतून शिलाई मशीनचा खडखडाट आला, आणि छोटी सुटकेचा श्वास टाकून खाली उतरली.

मशीनवर काका नव्हते. एक जाडजूड बाई बसल्या होत्या.

"पँट लहान करायची की मोठी?" त्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

"पँट नाही... काका आहेत का?"

"काका? इथे कुणी काका नाहीत. मीच आहे आणि माझी सून, ती बाहेर गेलीय. तुम्ही चुकलात. ते म्हातारे शिंपी घड्याळवाल्याच्या मागे. इथे घड्याळवाला दिसतोय का?"

"नाही दिसत," छोटी म्हणाली आणि तिला एकदम रडूच फुटायला आलं. एवढ्या तेवढ्यावरून रडणारी छोटी नव्हती. तिचे भरलेले डोळे पाहून शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा पेला दिला. "बसा. नवीन दिसताय. मीही पहिलं वर्षभर अशीच गरगर फिरले होते."

पाणी पिता पिता छोटीचं लक्ष गेलं, बाईंचा चष्मा कपाळावर होता. बिलाचा कागद बघायला त्यांनी तो खाली ओढला, आणि मशीनकडे वळताना पुन्हा वर ढकलला.

"काम करताना चष्मा काढता?"

"मग काय! हा घातला की सुई इथे येते," बाईंनी नाकासमोर हात धरला, "आणि माझी सुई तिथे आहे." त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. "मी काय मशीनवर डोकं टेकवून शिवू? वाचायला मात्र झकास आहे."

छोटी पेला हातात तसाच धरून बसली. वाचायला. काकाही हेच म्हणाले होते. तिनं ऐकलं होतं आणि कानामागे टाकलं होतं.

बाईंनी सुनेच्या वहीचं पान फाडून त्यावर रस्त्याचा नकाशा काढून दिला. तो हातात उलटा धरून छोटी आधी चुकली, मग सुलटा धरून काकांच्या तळघरात पोहोचली. काका जुना, काडी मोडलेला चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून शिवत होते.

"काका, उठू नका. शिवत राहा तसेच," ती म्हणाली. "आणि ती टेप जरा द्या."

काकांनी गळ्यातली टेप काढून दिली. छोटीनं तिचं एक टोक त्यांच्या डोळ्याशी धरलं आणि दुसरं सुईपर्यंत नेलं. तक्ता धरायचं अंतर तिला पाठ होतं. हे त्याच्या दीडपट निघालं.

"काका, तुम्ही शिवता हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांनी विचारलं, वाचता येतंय का? मी म्हटलं, येतंय." काकांनी खांदे उडवले. "गळ्यात टेप होती. मला वाटलं, दिसत असेल."

त्यांचा आवाज साधाच होता, पण छोटीची मान खाली गेली. काम काय करता, हे विचारायला तिला शिकताना शिकवलं होतं. पहिल्या काही गावांत तिनं विचारलंही होतं. पण बाहेर दोनशेची रांग आणि अंधार पडायच्या आत निघायचं, तेव्हा कुठलं विचारणं! हातात तक्ता दिला की झालं.

संध्याकाळी ती काकांना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली. टेपनं मोजलेलं अंतर सांगितल्यावर त्यांनी मुकाट्यानं दुसरी चिठ्ठी लिहिली, अधिक पावणेदोन, लांबच्या सुईला जुळेल असा कमी नंबर. छोटीनं भिंगं घासली, बसवली, आणि चष्मा नेऊन दिला तोही मशीनवरच. काकांनी एक सरळ शिवण मारली, मान ताठ ठेवून. मग कापड उलटंसुलटं करून पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता कसं!"

छोटीला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरता नाही. खोलीवर येऊन तिनं ड्रायव्हरमामांना फोन लावला.

"मामा, आपण एखाद्या गावात परत गेलो होतो का हो कधी?"

"एकदा. आठवतं का, पूल वाहून गेला होता, तेव्हा मागे फिरलो होतो. तू झोपली होतीस."

"मग? चष्मे घातले होते का लोकांनी?"

"कुणी घातले होते, कुणी नव्हते. एका टोपल्या विणणाऱ्या म्हातारीनं खिशात ठेवला होता. मला म्हणाली, फार सुंदर आहे, पोरांची पत्रं त्यानंच वाचते. का गं, काय झालं?"

"विणताना घालत होती का?"

"आता ते मी कशाला बघू? मी डिझेल शोधत होतो."

फोन ठेवल्यावर छोटी पलंगावर बसून राहिली. ती म्हातारी सुखी होती की टोपल्या चाचपडत विणत होती? दोन्ही खरं असेल का? जाऊन विचारावं, तर त्या गावाचं नाव तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात तिनं नवाच प्रश्न सुरू केला. चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी विचारायचं, "दिवसभर काय बघता?" लोक चक्रावायचे. एक जण म्हणाला, "बायकोचा चेहरा." त्यावर छोटीनं गंभीरपणे विचारलं, "किती लांबून?" मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो, रांग लागते मागे!"

"लागू दे," छोटी म्हणाली, आणि आपण असं बोललो याचंच तिला नवल वाटलं.

परवा एक बाई आली, साठीची, हातात पिशवी, अंगावर इस्त्रीचे कपडे. छोटीनं तिलाही तेच विचारलं. तिनं आपल्याच हातांकडे पाहिलं, मग दुकानाच्या काचेबाहेर पाहिलं.

"दिवसभर?" ती म्हणाली. "थांबा हं. असं कुणी विचारलंच नव्हतं."

छोटीनं पेन्सिल उचलली आणि थांबली.