पावसात मिटलेली

मी एक छत्री बोलतेय. काळं रेशमी कापड, लांब दांडा, वेताची वाकडी मूठ. आधीच सांगते, गोड आठवणी ऐकायला आला असाल तर उठून जा. परवापासून मला किळस आलेली आहे आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म हॅम्बर्गचा. इथे एल्बे नदीवरून वारा येतो आणि वाऱ्यामागून पाऊस. अशा गावात छत्रीला कामाची ददात नसते. माझ्या कारागिराने कापड दोनदा शिवलं, काड्या वाकवून पाहिल्या आणि दुकानदाराला म्हणाला, "ही वादळातही उलटायची नाही." मला वाटलं, आयुष्यभर पाऊस झेलायचा.

मला विकत घेतलं फोल्कमार डेटलेफसेनने. विधवा आईचा एकुलता मुलगा, शाळेच्या शेवटच्या वर्गातला. उंच, हाडकुळा, केस मानेवर रुळणारे. त्याने मला हातात घेतलं, काठीसारखं फिरवलं आणि बाहेर पडला. बाहेर धो धो पाऊस. मी उघडण्याची वाट पाहत राहिले. हा पठ्ठ्या मला मिटूनच चालत होता! डोक्यावरून पाणी गळतंय आणि तोंडाने शीळ.

एक बाई थांबल्या. "अरे पोरा, छत्री भिजतेय तुझी!"

"भिजू दे, काकू. हिला सवय आहे."

नंतर कळलं की त्याची सगळी टोळीच तशी. लांब कोट, लांब केस आणि हातात मिटलेली छत्री. ऊन असो, पाऊस असो, उघडायची नाही. इंग्रज साहेब म्हणे असाच चालतो, आणि इंग्रजांशी तर युद्ध सुरू होतं. नाझींना हवी होती एका मापाची, आखूड केसांची, पाय आपटत चालणारी पोरं. ही पोरं मुद्दाम पाय ओढत चालायची. दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून छत्री मिटून ठेवायची. मूर्खपणा म्हणा. मीही म्हटलं होतं, पहिले काही महिने.

मग विब्केच्या घरची दुपार पाहिली. विब्के फोल्कमारची मैत्रीण. तिचे आईवडील बाहेरगावी गेले की गालिचा गुंडाळला जायचा, खिडक्यांना उशा लागायच्या आणि सरकारने बंदी घातलेली अमेरिकन जॅझची तबकडी ग्रामोफोनवर चढायची. छत्र्या कोपऱ्यात उभ्या. पोरं अशी नाचायची की हातपाय कुणाचे ते कळू नये.

"फोल्कमार, माझ्या पायावर नाचतोयस!"

"मग पाय घरी ठेवून यायचं ना."

"हे माझंच घर आहे, गाढवा!"

एवढंच. ना बॉम्ब, ना कट. यांना सरकार घाबरलं. आजही विचार केला की चीड येते: अख्खा युरोप गिळायला निघालेली माणसं, आणि उशांआडून येणाऱ्या तुतारीने त्यांची झोप उडाली!

फोल्कमारच्या बाकावर एगर्ट बसायचा. त्याच वयाचा, पण नाझी युवक संघटनेच्या गणवेशातला, गस्तीच्या तुकडीचा म्होरक्या. वर्गात तो मला लाथ मारायचा. "काय रे इंग्रजा, पावसात हिला कोटाखाली घेतोस की काय?"

"तुझ्यासारखी नाही ती, एगर्ट. कुणीही सांगितलं की उघडत नाही."

वर्ग हसला. एगर्टही हसला. ते हसू मी विसरले नाही.

शरद ऋतूतल्या एका दुपारी फोल्कमार आणि विब्के लोम्बार्ड पुलावर आले. विब्केच्या पिशवीत तबकड्या होत्या. पाऊस कोसळत होता, आणि पुलाच्या त्या टोकाला गस्त उभी. कागद विचारत नव्हते, झडती घेत नव्हते. उघड्या छत्रीखालचे लोक सरळ पुढे जात होते. हातात मिटलेली छत्री दिसली की पोरगा बाजूला, ट्रकमध्ये. तिघेचौघे आधीच आत होते. पावसातसुद्धा कुणी छत्री उघडली नव्हती! एवढा अभिमान, आणि त्याच अभिमानाला धरून त्यांना एकेक करून उचललं जात होतं.

विब्केची आजी ज्यू होती. विब्के सापडली असती तर घरातल्या सगळ्यांचे कागद बाहेर निघाले असते आणि ती माणसं कुठे गेली असती ते तुम्हाला माहीत आहे.

"उघड ना छत्री," विब्के कुजबुजली. "दोघं जाऊ तिच्याखालून."

"एगर्ट उभा आहे तिथे. मला अंधारातही ओळखेल. तुला त्याने पाहिलेलं नाही."

त्याने रुमालाने तिच्या ओठांचा रंग खसाखसा पुसला. पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. आणि मग त्याने मला उघडलं.

माझ्या काड्या पहिल्यांदा ताणल्या गेल्या. कापडावर पाऊस वाजला. ज्या क्षणाची जन्मापासून वाट पाहिली तो असा आला, आणि तो यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं.

त्याने माझी मूठ तिच्या हातात दिली. "सरळ चाल. मागे बघू नकोस."

विब्के आणि मी गस्तीपाशी पोचलो. एगर्ट अदबीने बाजूला झाला. "या बाई, लवकर जा, भिजाल." मग शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाला, "सांगितलं होतं ना साहेब? चौकशी नको, काही नको. फक्त पाऊस पडू द्या."

मागून शीळ ऐकू आली. फोल्कमार उघड्या डोक्याने, पाय ओढत येत होता. मग शीळ थांबली.

त्याचे केस तिथेच ट्रकपाशी कापले. पुढे त्याला तरुणांच्या छळछावणीत धाडलं. तिथून तो आला नाही. आईला चार ओळींचा कागद आला, त्यात मृत्यूचं कारण "ताप" लिहिलं होतं.

विब्केने मला पुसून कपाटात ठेवलं. युद्ध संपलं, तिचं लग्न झालं, केस पांढरे झाले. तिने मला कधी उघडलं नाही.

आणि आता हा चित्रपट. त्या पोरांवर, त्या नाचावर. जुन्या वस्तू हव्यात म्हणून वर्तमानपत्रात आलं. विब्केने मला दिलं, एकाच अटीवर: उघडायची नाही.

परवा चित्रीकरण होतं, विब्केही बघायला आली होती. नळीतून खोटा पाऊस. एका गोऱ्यागोमट्या नटाने मला फाडकन उघडलं, गरगर फिरवलं, आणि वीसेक पोरंपोरी छत्र्या नाचवत हसू लागली. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या शेजारी मऊ मफलर गुंडाळून एक म्हातारा बसला होता. त्या काळचा साक्षीदार, चित्रपटाचा सल्लागार. "अगदी अस्संच," तो म्हणाला. "आम्ही असेच नाचायचो पावसात."

आवाज ओळखीचा होता. एगर्ट!

विब्के मागच्या खुर्चीवरून उठली. "कुठे नाचायचात तुम्ही?"

"सगळीकडे, बाई. आम्ही पोरं कुणाला घाबरत नव्हतो."

"ते खरं. लोम्बार्ड पुलावर मला वाट दिलीत तुम्ही. 'लवकर जा, भिजाल' म्हणालात."

एगर्टने मफलर सारखा केला. "लहान होतो हो आम्ही तेव्हा."

"तोही तेवढाच होता. तुमच्याच बाकावर बसायचा."

दिग्दर्शक धावत आला. "आजी, माफ करा, पण पडद्यावर मिटलेली छत्री दिसत नाही. उघडली की कसं छान वाटतं!"

"छान वाटावं म्हणून नव्हती ती," विब्के म्हणाली आणि नटाच्या हातातून मला काढून घेतलं.

तो प्रसंग ते ठेवतील, मला खात्री आहे. शेवटी आभारांत एगर्टचं नावही असेल. तुम्ही चित्रपट बघाल तेव्हा एवढंच करा: मी पडद्यावर उघडी दिसले की टाळ्या वाजवू नका. खऱ्या पावसात मी एकदाच उघडले होते, आणि तेव्हा कुणी नाचत नव्हतं.

परवा निघताना विब्केने मला झटकलं, घडी न् घडी गुंडाळली, पट्टीचं बटण लावलं. बाहेर खरा पाऊस होता. बसथांब्यावरची एक मुलगी म्हणाली, "आजी, छत्री आहे की हातात! उघडा ना."

"राहू दे गं," विब्के म्हणाली. पांढऱ्या केसांतून पाणी ओघळत होतं. "हिला सवय आहे."

आणि पाय ओढत चालू लागली.