जाताना दार लावणारा

मित्रांनो, मी एक जुना इटरेटर आहे. नावाला बिचकू नका, काम अगदी साधं आहे. तुम्ही संगणकावर एखादं पान उघडता, तेव्हा त्यामागे जावास्क्रिप्ट या संगणकभाषेचं इंजिन चालतं. त्या इंजिनात माझा मुक्काम. कुणी रांगेतल्या वस्तू मागितल्या, की मी एकेक काढून देतो.

मला घडवलं एका सबुरीच्या माणसाने. ऑफिसात त्यांना सगळे सावकाशकाका म्हणत. त्यांनी मला वळण लावलं. प्रत्येक वस्तू छोट्या डबीत घालून द्यायची, सोबत 'अजून आहे' किंवा 'संपलं' अशी चिठ्ठी ठेवायची. आणि मागणारा मध्येच उठून गेला, तर आपण जाऊन दार लावायचं. वर्षानुवर्षं मी तसाच राबलो. "हा कधी चुकत नाही," असं काका कौतुकाने सांगत. मग ते निवृत्त झाले.

पुढे पानं जड झाली आणि माणसं उतावीळ. माझ्या रिकाम्या झालेल्या डब्या उपसताना इंजिनातला सफाईवाला मेटाकुटीला येई. सगळ्यांचं बोट माझ्याकडे वळलं.

पानांचा वेग वाढवायचं काम आलं काकांच्या जागी आलेल्या ताईंकडे. चहा गार होऊ देऊन त्यांनी मला ओळ न् ओळ वाचलं. "साधी यादी पुढ्यात मांडलेली आहे. तिला डबी कशाला रे?" त्यांनी शेजारच्या दाढीवाल्याला विचारलं.

"जुन्या लोकांना पॅकिंगची हौस, ताई."

ताईंनी नवी वाट बांधली. डबी नाही, चिठ्ठी नाही. हात घातला की वस्तू. पापणी लवायच्या आत पान उभं राहू लागलं.

"आता या म्हाताऱ्याला काढून टाका," दाढीवाला म्हणाला.

ताईंनी पुसण्यासाठी माझ्या सगळ्या ओळी निवडल्या. पडद्यावर मी निळा झालो. एक कळ दाबायचा अवकाश होता.

"थांब, आधी चाचण्या चालवू," ताई म्हणाल्या.

एक चाचणी अडकली. तिच्यातला प्रोग्राम फाईल उघडून एकेक ओळ मागायचा, हवी ती मिळाली की मध्येच निघून दुसऱ्या फाईलकडे जायचा. नव्या वाटेवर मागची फाईल उघडीच राही. उघड्या फाईलींचा ढीग साचला आणि शेवटी संगणकाने हात टेकले.

"तुमच्या घरी फ्रिजचं दारही असंच सताड उघडं असतं का, ताई?"

"तू आधी तुझा ड्रॉवर बघ." ताई हसल्या. मग त्यांनी माझ्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. "अरे, दार हा लावत होता. आपण नुसता वेळ मोजत बसलो."

"मग आता?"

"साध्या यादीला दारच नसतं, तिथे नवा पळू दे. जिथे दार आहे, तिथे हाच."

माझा निळा रंग उतरला.

हल्ली नवा दिवसभर पळतो. मला क्वचित हाक येते. हेवा वाटत नाही. उलट बरं वाटतं. माझ्या माथ्यावर ताईंनी लिहून ठेवलंय, 'हळू आहे, पण घरचा आहे. काढू नये.'

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी ते गुपचूप काय करत होतं, एवढं बघा. मध्येच उठून जावंसं वाटलं, तर खुशाल जा. पण दार लावून जा. मागून कुणीतरी लावेल, असं समजू नका. तो कुणीतरी म्हणजे मी, आणि मी जरा सावकाश चालतो.