भिंगाबाहेरचा माणूस

विनिताचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मार्गशीर्षातली तिची हळद आठ दिवसांवर आली होती, आणि तिचा फोटोग्राफर काका हिरामण कामतघरच्या खोलीत कॅमेरा उघडून बसला होता. शुक्रवार होता. एरवी शेजारच्या कारखान्यातले लूम, कापडाचे माग, चालू असले की भिंतीसकट टेबल थरथरायचं. नाजूक काम करायचं तर सुट्टीचा शुक्रवारच.

ज्या खिडकीला डोळा लावून फोटो काढतात, तिच्यावर रबराची एक वाटी असते. तिथे त्याला भिंग बसवायचं होतं. मिळालेलं भिंग दुसऱ्याच कंपनीचं, खाचेत जाईना. म्हणून त्याने वाटीचं रबर सोलून काढलं, नुसती प्लास्टिकची चौकट ठेवली, आणि लूम दुरुस्त करणाऱ्या पंढरी जॉबरकडून त्याची बारीक कानस मागून आणली. चार वेळा घासायचं, फुंकर मारायची, लावून बघायचं.

"अवो, त्यो भुसा आत गेला म्हंजे?" त्याची बायको कमळ दारातून म्हणाली.

"वाईट बोलू नको."

"मी कशाला बोलू? लग्न तोंडावर आलंय अन तुमी मशीन खोलून बसलाय. डोळ्याला काय झालंय का?"

"काय न्हाय झालं. जरा मोठं दिसावं म्हणून करतोय."

कानस हातातून सटकली आणि अंगठा सोलला. कमळने हळद आणली. त्याने बोट पुढे केलं, पण वर पाहिलं नाही.

डावा डोळा त्याचा पहिल्यापासूनच मंद, आणि गणपतीपासून उजव्या डोळ्यात मधोमध एक डाग बसला होता, काचेवर कुणी ओला अंगठा टेकवावा तसा. ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंडच पुसलं जायचं, कान तेवढे उरायचे. त्यात लेन्सची आपोआप फोकस करणारी मोटर बंद पडलेली, सगळं हाताने. गोदामाच्या पूजेचे फोटो काढायला वळ गावी गेला, तर हार स्पष्ट आणि माणसं धूसर आली. मालक म्हणाला, कॅमेरा जुना झाला. हिरामणने मान डोलावली.

त्याच्या वडिलांचे, आबांचे, डोळे साठीत गेले होते. त्यानंतर चौदा वर्षं ते दिघाशीला, गावच्या घराच्या ओटीवर बसून होते. पाऊल वाजलं की तिकडे तोंड वळवायचे आणि विचारायचे, "कोन?" हिरामणला एकसष्टावं चालू होतं. रोज उठल्याबरोबर तो डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायचा. वाचता आली नाही की डोळा चोळून पुन्हा बघायचा. डॉक्टरकडे तो गेला नव्हता. डॉक्टरने तोंडाने सांगितलं नाही तोवर ते झालेलं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

दुपारी भिंग खाचेत बसलं. चिकटवायला त्याने गोंदाचा थेंब सोडला, तो काचेकडे ओघळला. त्याने घाईने कापसाने थेंब टिपला. मग डोळा लावला. कॅलेंडरवरचे आकडे पुढ्यात आल्यासारखे मोठे झाले. डाग होता, पण त्याच्या भोवतीने वाचता येत होतं. कडेचं मात्र काहीच दिसेना, नुसतं मधलं गोल. मधलं दिसलं म्हणजे झालं, असं तो म्हणाला.

लग्न दिघाशीला. मांडवात भिंगाला डोळा लावला आणि त्याला घाम फुटला. एकट्या विनिताच्या तोंडानेच गोल भरून जात होतं. नवरानवरी दोघं मावायची तर मागे सरकावं लागे, आणखी मागे. मागे खुर्च्या, वायरी, आचाऱ्याची चूल. खाली बघायला डोळा काढावा तर फोकस जाई. अंतरपाट सुटला, अक्षता पडल्या, आणि तो उलट्या पावलांनी सरकतच होता. दिवसभरात कुठेच ठेच लागली नाही. गावदेवीने सांभाळलं म्हणून त्याने हात जोडले.

तिसऱ्या दिवशी फोटो कॉम्प्युटरवर लावून तो पडद्याला नाक टेकवून बसला. तोंडं स्पष्ट होती. पण माणसं लहान, आणि भोवताली भिंगात न दिसलेलं सगळं आलेलं. खांब, पंखे, पत्रावळी. कडा कापायला त्याने सुरुवात केली आणि थांबला.

कडेला त्याचा थोरला भाऊ केसरीनाथ उभा होता, नवरीचा बाप. लेकीकडे पाठ, नजर कॅमेऱ्याकडे, हात वर. हिरामणच्या मागच्या कुणाला तरी तो खूण करत होता, बाजूला व्हा, खुर्ची उचला. दुसऱ्या फोटोतही तेच. अक्षतांच्या फोटोत सगळा मांडव नवरीकडे बघतोय आणि बाप इकडे. एक कन्यादानाचा सोडला, तर प्रत्येक फोटोत तो तसाच होता.

संध्याकाळी हिरामण दिघाशीला गेला.

"दादा, तुला कवा कळलं?"

"हळदीला. मी समोर उभा, अन तू मलाच 'कोन?' म्हनलास."

हिरामण ओटीच्या कडेला बसला.

"पोरीवर अक्षता पडताना माझ्याकडं कशाला बघत व्हतास?"

"पोर काय पळून चालली व्हती? तू मात्र आचाऱ्याच्या कढईत गेला असतास. भज्यांसंगं तळला असता तुला." केसरीनाथ हसला. "उद्या डोळा दाखवायचा, हिरा."

"दादा, भ्या वाटतं."

"मला बी वाटतं. आबांचं मीच केलंय ना सगळं. म्हनून दोघं जाऊ."

दोघं गेले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्याला एक सुई, थेट डोळ्यात. पहिल्या तीन वेळा केसरीनाथ बाहेरच्या बाकावर बसून होता. हिरामण पट्टी बांधून बाहेर आला की केसरीनाथ त्याचं मनगट धरायचा.

चौथ्या सुईला कमळ बरोबर आली. नर्सने कागद बघत विचारलं, "आज मोठे भाऊ नाही आले?"

"न्हाय," हिरामण म्हणाला आणि टेबलावर आडवा झाला.

केसरीनाथ रामनवमीच्या आदल्या दिवशी, सोळा एप्रिल दोन हजार चोवीसला, दुपारी जेवून उठताना छातीत कळ येऊन दिघाशीच्या घरी वारला. वय अडुसष्ट.