घशाला न लागलेलं तेल

आई गेल्याला चाळीस दिवस झाले. थडग्यावरच्या दिव्यात घालायला तेल हवं होतं. लेस्वोस या ग्रीक बेटावर दिव्याला कुणी चांगलं तेल जाळत नाही. गेल्या सालचं, खवट झालेलं चालतं. मिर्सिनीनं मात्र आईच्या स्वयंपाकघरातला आईचाच डबा उघडला. वडील तेलाच्या घाण्यावर कामाला होते, त्यामुळे बोट बुडवून जिभेला लावल्याशिवाय या घरात तेल पुढे जात नसे.

तिनं चाखलं. पुन्हा चाखलं. घशाला काहीच लागलं नाही.

ऑक्टोबरातल्या हिरव्या ऑलिव्हांचं तेल घशात मिरीसारखं चुरचुरतं. ती चुरचुर ज्या द्रव्यांमुळे, तीच मेंदूला जपत असावीत, असं तिनं बरंच वाचलं होतं. पाणी वगळलं तर मेंदू निम्म्याहून अधिक स्निग्धच. मग तो कसल्या तेलावर पोसायचा, याला काही अर्थ असणारच. आईला विसर पडू लागला तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "द्या, कदाचित उपयोग होईल." त्या 'कदाचित'वर तिनं अथेन्समध्ये तीन वर्षं काढली. घरच्या वरच्या बागेतलं पहिलं, हिरव्या ऑलिव्हांचं तेल आईचं, असं धाकट्या भावाकडून, स्त्रातीसकडून, वचन घेऊन.

स्त्रातीस दारात आला. हातात आईच्या चाळिसाव्यासाठी चर्चमध्ये न्यायचं उकडलेल्या गव्हाचं ताट. "ताई, पाद्री खोळंबलेत."

"हे कुठलं तेल?"

"आईचं."

"घाणेवाल्याची पोरं आपण. मला शिकवू नकोस."

त्यानं ताट खाली ठेवलं. "फेब्रुवारीतलं आहे. काळ्या, पिकल्या फळांचं. हिरव्यातून निघतं किती, ताई? आणि ते सगळं हॉटेलवाला उचलतो."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षी दिलं होतं तिला. कडू म्हणून थुंकायची."

"म्हणजे दोन वर्षं! आणि दर रविवारी मी फोनवर विचारलं, की तू—"

"हो म्हणायचो."

"तुझं सोड. मी कानांनी ऐकलंय. चमचा घेतला की खोकायची ती. साध्या तेलानं ठसका लागत नाही."

स्त्रातीस खिडकीबाहेर बघत राहिला. "मीच सांगायचो, खोक म्हणून. नाहीतर तासभर तुझं व्याख्यान."

"तिला काय कळत होतं, बिचारीला!"

"तेव्हा सगळं कळत होतं. हसलीसुद्धा. म्हणाली, 'पोर तिकडे एकटी झुरते, वाटू दे तिला बरं.' पुढे माझं नाव विसरली, तुझं विसरली. पण फोन वाजला, की आपली खोकायची."

चर्चची घंटा सुरू झाली. मिर्सिनीनं डब्याचं झाकण लावलं. भावाला सुनावायचे शब्द ओठांवर होते; ते उद्याही सुनावता आले असते. पण जिच्यासाठी ती चाळीस दिवस धड जेवली नव्हती, त्या बाईनं डोकं शाबूत असताना, समजून-उमजून तिला फसवलं होतं. आणि जाब द्यायला ती उरली नव्हती.

"ताट घे आणि जा तू," ती म्हणाली. "आज मी आईकडे येणार नाही."