मालेगावचा फोन

"आज पण लूम बंद?" ललिताने पोळी उलटता उलटता विचारलं. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, स्पीकर चालू.

"बंदच. लाइट नाही," पलीकडून माजिदा म्हणाली.

"कालही नव्हती."

"मालेगावची लाइट ती. तुला काय नवीन आहे का?"

नवीन नव्हतं, पण ललिताच्या मनात पाल चुकचुकली. लग्न होऊन ती मालेगावात गेली तेव्हा माजिदाचं घर भिंतीला भिंत लागून होतं. माजिदाच्या नवऱ्याचे, महेबूबभाईंचे यंत्रमाग दिवसभर खडखडायचे आणि दोघी त्या आवाजाच्या वरताण ओरडून बोलायच्या. पुढे ललिताच्या नवऱ्याला, दिनेशला नाशिक रोडला नोकरी लागली, बिऱ्हाड हललं, आणि तेव्हापासून रोज सकाळी डब्याच्या वेळी फोन. तेवढाच वेळ दोघींचा. मग सासूबाईंच्या गोळ्या, लेकीची कॉलेजची घाई, धुणं, निवडणं, टिपणं. दिवस कुठे जातो कळायचं नाही. पण तो फोन चुकला की ललिता उगाच सगळ्यांवर डाफरत फिरायची.

फोनमागे लूमची खडखड ठरलेली. दिवाळीपासून ती गायब होती. बरं, लाइट नाही म्हणावं, तर परवा मागे चक्क मिक्सर फिरत होता.

"शेजारचा असेल," माजिदा म्हणाली होती.

शेजारी उजेड आणि हिच्याकडे अंधार? ललिताने ऐकून घेतलं, पण पाणी कुठेतरी मुरत होतं. ईदला आपण गेलो नाही म्हणून रुसली असेल? की महेबूबभाईंचं काही दुखणंखुपणं लपवतेय? की आपल्याशी बोलायचाच कंटाळा आलाय आणि नुसती हं हं करतेय? तिने हे सगळं दिनेशला सांगितलं. तो पायात मोजे चढवत म्हणाला, "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस."

त्याच आठवड्यात माजिदा खिम्याच्या मसाल्याचं काहीतरी सांगत होती, आणि मागून स्वच्छ ऐकू आलं, "रोड, रोड, नाशिकरोड! चला, एक सीट!"

तव्यावरची पोळी काळी पडली तरी ललिताचं लक्ष नव्हतं. हा इथल्याच, नाशिकच्या द्वारका चौकातला रिक्षावाला. सासूबाईंना डॉक्टरकडे नेताना येताजाता ऐकलेली हाक, ती थोडीच चुकणार?

"माजिदा, कुठे आहेस गं?"

"घरी. मालेगावला. मी कुठं जाणार?"

तोंडावर खोटं बोलली. ललिता दिवसभर धुमसत राहिली. हाकेच्या अंतरावर येऊन राहते आणि मला कळवत नाही, म्हणजे मी हिला नकोशी झाले. एवढ्या वर्षांची मैत्री, आणि ही मला दारात उभी करायला तयार नाही. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीच्या मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिने डबा केलाच नाही. "आज कँटीनला जेवा," तिने दिनेशला सांगितलं. प्रकरण साधं नाही हे त्याला तेव्हा कुठे कळलं.

द्वारकेला उतरून ती रिक्षांच्या रांगेपाशी उभी राहिली आणि फोन लावला. माजिदाने लगेच उचलला. रिक्षावाल्याची हाक एका कानात रस्त्यावरून आली, दुसऱ्या कानात फोनमधून. ललिता बोलत बोलत चालू लागली. टायरच्या दुकानांमागची गल्ली, मग आणखी एक. वरच्या मजल्यावर अरुंद गॅलरी, आणि गॅलरीत पाटावर बसून, खांद्यानं फोन कानाशी दाबून, मेथी निवडणारी माजिदा.

"काय चाललंय?" ललिताने विचारलं.

"काय असणार? ओट्याशी उभी आहे."

"खाली बघ जरा."

माजिदाने खाली पाहिलं. मेथीची जुडी मांडीवरून घसरली. तिने ती उचललीसुद्धा नाही.

वर एकच खोली होती, पण नीटनेटकी. माजिदाने चहा टाकला. लूम विकले, तिने सांगितलं. मुलाला, वसीमला, इथल्या ट्रान्सपोर्टमध्ये गाडीवर काम मिळालं, म्हणून सगळेच आले.

"आणि मला नाही सांगितलंस. मी काय घर बघून नाक मुरडणार होते?"

"घराचं नाही गं." माजिदाने चहात साखर जरा जास्तच ढवळली. "ती तुझी मावसबहीण, मीना. सुरतेला होती तोवर रोज फोन करायची, आणि नाशिकला राहायला आली तशी तोंड दाखवेना. तूच म्हणालीस ना, जवळ आलं की माणूस तुटतं? मला भीती वाटली. आपलं तेवढंच तर आहे, सकाळचं. ते गेलं तर मी कोणाशी बोलू?"

"मी म्हणजे मीना आहे का?" ललिता फणकारली. पण आवाज फुटला. मग दोघींनी मनसोक्त रडून घेतलं, आणि निघताना ललिताने बजावलं, "रविवारी घरी यायचं. जेवायलाच."

रविवारी दिनेशची बहीण आली. पुढच्या रविवारी वसीमला सासरकडचं बोलावणं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी सासूबाईंना ताप. सकाळी फोन लागला की दोघींपैकी कोणीतरी म्हणायचं, "आता भेटणारच आहोत, तेव्हा निवांत बोलू." असं म्हणून फोन ठेवायचं. मग फोनही एक दिवसाआड झाला, मग आठवड्यातून एकदा.

एका सकाळी कणीक मळता मळता ललिताचे हात थांबले. घर भरलेलं होतं, सगळे काही ना काही मागत होते, आणि तिला एकदम फार एकटं वाटलं. तिने पिठाच्या हातानेच फोन लावला.

"माजिदा, ऐक. आपण असं समजूया, तू मालेगावला परत गेलीस."

ललिताने फोन पिठाच्या डब्याला टेकवला.

"गेले," माजिदा म्हणाली. आवाज ओला होता. "भेटणं काय आता होत नाही. लय लांब आहे. बोल, आज डब्यात काय?"

ललिताने गॅस बारीक केला.

"गवार," ती म्हणाली. "तुला आवडत नाही ती."