अर्धी जोडी

सांगितलेल्या भावात देवाजीनं जन्मात काही घेतलं असेल तर एसटीचं तिकीट. बाकी मेथीच्या जुडीपासून पोरीच्या लग्नाच्या मांडवापर्यंत सगळं घासाघीस करूनच. इंदोरा मोहल्ल्यात त्याचं सायकलचं दुकान होतं. सायकली गेल्या, दुकान गेलं, घासाघीस तेवढी राहिली.

मग घर चाललं ते त्याच्या बायकोच्या, अंजनाबाईच्या पोळ्यांवर. कळमेश्वरच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला रोज ढीगभर पोळ्या जायच्या. कणीक मळून मळून बाईच्या हातांची पार वाट लागली. बोटं बधिर व्हायची, चहाचा कप हातातून सुटायचा. डॉक्टरनं बजावलं, "लाटणं चालेल एक वेळ, पण मळायचं नाही. नस आणखी दबली तर हात कायमचा जाईल." तेव्हा देवाजीनं बंद पडलेल्या एका हॉटेलातली कणीक मळायची जुनी मशीन आणली.

मशीन वर्षभर नीट चालली आणि एका सकाळी खडखडून थांबली. देवाजीनं झाकण काढलं. आत दोन गियर, एक मोठा, एक लहान. मोठ्याचे दात तुटले होते. लहानाचे झिजले होते, पण जागेवर होते.

लकडगंजात मुकुंदचं हॉटेलच्या मशीनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यानं तेलकट कागदात गुंडाळलेले दोन गियर काढून ठेवले.

"काकाजी, ही कंपनी बंद पडली. एवढी एकच जोडी राहिली माह्याकडे. दोन्ही न्या. नव्यासंगं जुना लावसान तर जुना नव्याले खाऊन टाकन."

देवाजीला मनातून हसू आलं. का नाही येणार? हेच वाक्य त्यानं उभी हयात विकलं होतं! चेन बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो मागच्या चाकाचं दातेरी चक्र दाखवून म्हणायचा, "फ्रीव्हीलही बदला गा, नाही तं जुनं फ्रीव्हील नवी चेन खाईन." कधी ते खरं असायचं. पुष्कळदा ते फ्रीव्हील आणखी दोन वर्षं मजेत फिरलं असतं. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात. देवाजीनं ओळखलं.

"मले नको शिकवू, बापू. ह्यातच माहे केस पिकले. मोठाच दे."

"अर्धी जोडी मी मंग कोणाले विकू?"

"तो तुया प्रश्न."

मुकुंद वैतागला, त्यानं विनवून पाहिलं, शेवटी मोठा गियर पुढे सरकवून मोकळा झाला.

घरी मशीनला गियर बसवून देवाजीनं छाती फुगवून सांगितलं, "अर्ध्याच्या आत काम केलं!"

"दुकानदार काय म्हणे?"

"काय म्हणन? दोन घ्या म्हणे."

"मंग घ्याचे नं जी दोन," अंजनाबाई म्हणाली. "माह्या हाताचा सवाल हाये."

"उगाच काहून? चालून राहिली नं मशीन!"

आणि चालत होतीच की. आवाजही नाही. एका दुपारी अंजनाबाईनं सुईत दोरा ओवला आणि ती सुई अंगणात जाऊन नवऱ्याला दाखवली. देवाजीला इतका आनंद झाला, की त्यानं आपल्या व्यवहाराची गोष्ट तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकवली.

पुढच्याच आठवड्यात मशीन किंचाळली आणि बंद पडली. झाकणाखाली लोखंडाचा भुगा साचला होता. नव्या गियरचे दात जुन्यानं कुरतडून सपाट केले होते.

दुसऱ्या दिवशी देवाजी स्वतः परातीपुढे बसला. पोळ्या अशा झाल्या, की कॅन्टीनवाल्यानं फोन केला. "असं चामडं पुन्हा आलं तर मी दुसरं माणूस पाहीन." मग अंजनाबाई बसली. दुसरा इलाजच नव्हता. ती रोज मळत होती आणि देवाजी रोज गियर शोधत होता. लेथवाल्यानं गियर करून द्यायचा जो भाव सांगितला, त्यात दुसरी जुनी मशीन आली असती. तेवढे पैसे असते तर रडायचं काय होतं! महिना असाच गेला.

शेवटी मान खाली घालून तो मुकुंदकडे गेला. मुकुंदनं गियर उलटसुलट पाहिला, पण एक शब्द टाकून बोलला नाही. रायपूरला, इंदूरला फोन लावले. मोठा गियर कुठेच नव्हता. मग फळीवरचा लहान गियर काढून त्यानं देवाजीच्या हातात ठेवला.

"केवढ्याले?" देवाजीच्या तोंडून सवयीनं निघालं.

"घेऊन जा, काकाजी. फुकट. माह्या कोन्या कामाचा?"

आयुष्यात पहिल्यांदा देवाजीला फुकटची वस्तू मिळाली आणि त्याला ती हातात पेलवेना.

घरी आल्यावर गियरचं पुडकं बाजूला ठेवून त्यानं पाणी तापवलं. कोमट पाण्यानं बोटं मोकळी होतात म्हणून रोज तो तेवढं करायचा. पण आज त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

अंजनाबाईनं पुडक्याकडे पाहिलं. "भेटला का जी?"

"भेटला. लहान."

बांगड्या मागे सारून ती परातीपुढे बसली. त्यानं पिठात पाणी ओतलं, तिनं दोन्ही हात घातले आणि मळू लागली.

तेवढ्यात देवाजीला परातीतून निघणारी वाफ दिसली. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"आज पानी तापवाचं इसरले वाट्टे," ती म्हणाली. "राहू द्या. गार पान्यानंबी होते."