दशांशानंतरचा तीन

एकसष्ट पूर्णांक तीन. समीक्षाची नजर शेवटच्या तीनवर अडकली. टेपाडावरच्या पर्जन्यमापकात एक डोलती वाटी होती; तिच्यात शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर पाऊस जमला की ती कलंडायची आणि एक नोंद व्हायची. म्हणजे दशांशाच्या जागी शून्य, दोन, चार, सहा किंवा आठ. तीन येऊच शकत नव्हता.

जूनपासून असे विषम आकडे येत होते. यंत्र कधीच मुकं झालं होतं, आणि आकडे पाठवणारी कंपनी लांबच्या केंद्रांची सरासरी काढून ती जागा भरत होती. तिनं विचारल्यावर त्यांनी दोन ओळींत कबूलही केलं होतं.

यंत्र तिच्या भावानं, कैलासनं बसवलं होतं. आंदर मावळात, त्यांच्या गावाच्या वर, वाडीच्या डोक्यावरच्या टेपाडावर. केंद्राला नावही स्वतःचंच दिलं होतं. रोज सकाळी आकडा ब्लॉकचेन नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत चढायचा आणि वडिलांच्या, आबांच्या फोनवर बोलून दाखवला जायचा. "एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई," असं त्यानं आबांना सांगितलं होतं. जे खोडता येत नाही ते खरंच असणार, एवढं आबांनी धरून ठेवलं. आकडा दीडशेच्या वर गेला की ते वाडीला निरोप धाडत, आणि दरड कोसळायच्या भीतीनं माणसं वाडी सोडून खालच्या शाळेत येऊन बसत.

कैलास जाऊन दोन वर्षं झाली. कंपनीच्या सेवेचं सबस्क्रिप्शन आता समीक्षाच्या नावावर होतं. फोन आकडा बोलला की आबा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायचे, "उठला कैलास." या दोन शब्दांपुढं तिचं तोंड उघडत नव्हतं.

आजही ते तेच म्हणाले. "उठला कैलास. एकसष्ट."

समीक्षा लोणावळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. रविवारसाठी काल आली होती. काल सकाळी तिनं अंगणात सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. आत्ता पट्टी बुडवून पाहिली. एकशे सत्त्याऐंशी मिलिमीटर.

तेवढ्यात वाडीत राहणारी बाया नावाची बाई इरलं सावरत ओट्याशी आली आणि आबांना विचारू लागली, "काय भाऊ, काय म्हणतंय तुमचं पोरगं?"

"एकसष्ट. निवांत ऱ्हावा."

"बरं झालं बाई. शाळेत झोपलं की आमचा कान्हू घाबरतो, मास्तर पाढं म्हणाय लावंल म्हणून. चाळीस वर्साचा घोडा!" ती हसत वळली.

समीक्षाच्या हातातला फोन उजळला. तिची ऑनलाइन कामं करणाऱ्या एआय मदतनिसाला तिनं पहाटेच सबस्क्रिप्शन रद्द करायच्या कामाला लावलं होतं. करार शोधून, अटी वाचून त्यानं सगळं मांडून ठेवलं होतं आणि आता शांत आवाजात विचारत होता: "सबस्क्रिप्शन रद्द करण्याची तयारी झाली आहे. याआधी तीनदा आपण इथूनच परत गेलात. जुन्या नोंदी राहतील, पण 'कैलास' हे केंद्र पुन्हा सुरू करता येणार नाही. आपल्या आवाजात संमती हवी."

"मावशी, थांबा," समीक्षा म्हणाली. मग आबांकडे न बघता, "आबा, हा आकडा कैलासच्या यंत्राचा नाही. यंत्र बंद पडलंय. कंपनी अंदाजानं भरतेय. डब्यात एकशे सत्त्याऐंशी भरलंय."

"खोडता येत न्हाई म्हणालता त्यो."

"नाहीच येत. खोटं लिहिलं तर तेही खोडता येत नाही."

आबा उठून डब्यापाशी गेले. पट्टी ओली होती कुठवर, ते त्यांनी अंगठ्यानं चाचपलं.

"तुला कवापास्नं ठावं?"

"जूनपासून."

"जून." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "आन् मी वाडीला रोज निवांत ऱ्हावा म्हणून सांगतोय."

बाया एकदा आबांकडं, एकदा समीक्षाकडं बघत होती. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"बाया, वाडी खाली आण," आबा म्हणाले. "समदी. म्हातारी माणसं आदी. आत्ताच्या आत्ता."

ती पळाली. आबा चुलीपाशी परतले, पण बसले नाहीत.

"संमती हवी आहे," फोन पुन्हा म्हणाला.

समीक्षानं तो तोंडाशी नेला. आबांना नीट ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "कैलासचं केंद्र बंद कर."